त्रिगताची जागा : मुख्यपटाआधीच्या विनोदी सचेतनपटाविषयी

चित्रपटाच्या समीक्षेने आपले विवेचनाचे एकक साहित्यसमीक्षेकडून जवळजवळ जसेच्या तसे उचलले आहे. हे एकक म्हणजे 'कृती'. कृतीला आरंभ असतो, शेवट असतो, कर्ता असतो आणि तिचे सौंदर्य तिच्या अंतर्गत संबंधांत शोधायचे असते, अशी ही धारणा आहे. कादंबरीच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी चालून जाते. प्रयोगकलांच्या बाबतीत मात्र तिच्यामुळे काही गोष्टी दिसेनाशाच होतात. मुख्यपटाआधी दाखवला जाणारा पाच-सात मिनिटांचा विनोदी सचेतनपट, ज्याला सर्वसामान्य प्रेक्षक 'कार्टून' म्हणत आला, ही अशीच एक न दिसणारी गोष्ट आहे. चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत तिला मिळालीच तर तळटीप मिळते. तिचे आकर्षण मात्र सार्वत्रिक होते, आणि ते बालिश अभिरुचीचे लक्षण मानून बाजूला सारणे पुरेसे नाही. हे आकर्षण त्या लघुपटाच्या अंगभूत गुणांत जेवढे आहे, त्याहून अधिक त्याच्या जागेत आहे, किंबहुना त्याचे गुणही त्या जागेनेच घडवलेले आहेत, असे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. भारतीय कथापटाचा इतिहास येथून सुरू होतो असे आपण मानतो. परंतु त्या खेळाच्या जाहिरातीत फाळक्यांच्या चित्रपटाबरोबर आणखी चार बाबी होत्या : मिस आयरीन डेलमार यांचे नृत्यगान, मॅक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटू आणि 'टिप-टॉप कॉमिक्स'. स्मशानात पत्नीवर शस्त्र उगारण्याची वेळ आलेल्या राजाची करुण कथा पाहण्यास आलेला प्रेक्षक त्याच तिकिटात हेही सारे पाहत होता. हरिश्चंद्राची कथा आपण जपली, कसरतपटू विसरलो. हे स्वाभाविक आहे. पण त्या दिवसाचा प्रेक्षक केवळ 'राजा हरिश्चंद्र' पाहत नव्हता, एक रचलेला खेळ पाहत होता, हेही त्याबरोबर विसरले गेले. जानेवारी १९१४ मध्ये 'मोहिनी भस्मासुर'बरोबर फाळक्यांनी स्वतःचाच 'पिठाचे पंजे' हा छोटा प्रहसनपट जोडला. खेळाची ही रचना त्यांना परकी वाटली नव्हती, याचा एवढा पुरावा पुरे.

ती परकी वाटण्याचे कारणही नव्हते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हापासून मराठी पौराणिक नाटकाच्या आरंभी सूत्रधाराशी थट्टामस्करी करणारा विदूषक होता. पुढे मुख्य नाटकानंतर फार्स करण्याची प्रथा पडली. तमाशात गण होतो, गवळणीत मावशी आणि पेंद्या येतात, बतावणी रंगते आणि मग वग लागतो. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असतात. यांतील हास्याच्या जागा एकसारख्या नाहीत. गवळणीतली मावशी आणि भाव्यांचा विदूषक यांना एकाच माळेत ओवणे अभ्यासकाच्या सोयीचे असले, तरी बरोबर नाही. तरीही मुख्य आख्यानाच्या दाराशी हास्याला बसवण्याची सवय या साऱ्यांत आहे.

या सवयीचे सर्वांत नेमके वर्णन नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात सापडते. भरताने पूर्वरंगाची एकोणीस अंगे सांगितली आहेत. काही पडद्याआड होतात, काही पडदा दूर झाल्यावर. आपल्या स्मरणात त्यांपैकी नांदी तेवढी राहिली, कारण ती नाटकाच्या संहितेला चिकटून पुस्तकात आली. अखेरची दोन अंगे म्हणजे त्रिगत आणि प्ररोचना. प्ररोचनेत पुढे होणाऱ्या प्रयोगाविषयी प्रेक्षकाच्या मनात ओढ निर्माण करायची असते. त्याच्या लगेच आधीचे त्रिगत हे सूत्रधार, पारिपार्श्विक आणि विदूषक या तिघांचे संभाषण. त्यात विदूषकाने असंबद्ध बोलायचे आणि सूत्रधाराला हसू आणायचे. पुढच्या कथानकाशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असे नाही, आणि ते निरर्थकतेच्या काठावरून चालते. मुख्यपटाआधीचे कार्टून म्हणजे हे त्रिगत होय.

ही केवळ उपमा असती तर ती सोडून दिली असती. पण तिच्यामुळे एक भेद स्पष्ट होतो. जेरार जेनेत यांनी संहितेभोवतीच्या शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका इत्यादींना एका संकल्पनेत आणले. आपण तिला 'परिसंहिता' म्हणू. चित्रपटगृहात दाखवली जाणारी आगामी चित्रपटांची झलक परिसंहितेत सहज बसते, कारण ती दुसऱ्या संहितेविषयी बोलते. ती प्ररोचना आहे. कार्टून मात्र मुख्यपटाविषयी काहीच बोलत नाही. त्याला त्याची खबरही नसते. तेच कार्टून आज युद्धपटाआधी आणि पुढच्या शुक्रवारी प्रेमपटाआधी लागू शकते. ते परिसंहिता नाही, आणि पूर्णतः स्वायत्त कृतीही नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशा लयतत्त्वांच्या आधारे कृतीच्या घटकांतील संबंधांचा विचार केला. कार्टून आणि मुख्यपट यांच्यात निश्चितच एक विरोधलय निर्माण होते. परंतु ती कोणा कलावंताने योजलेली नसते. वितरकाकडून आलेल्या डब्यांतून जो डबा हाती लागेल तो यंत्रावर चढवणारा ऑपरेटर हा या लयीचा कर्ता असतो. कर्त्याशिवाय लय संभवते हे मान्य करायला आपल्या सौंदर्यशास्त्राची तयारी नाही, आणि या लघुपटाविषयीच्या आपल्या मौनाचे हे एक कारण असावे.

आता त्या जागेने घाट कसा घडवला ते पाहू. कार्टून लागते तेव्हा सभागृहात प्रेक्षकवर्ग नसतो, माणसे असतात. कोणी खुर्ची शोधत असतो, डोअरकीपरची बॅटरी रांगांवरून फिरत असते, मुलांना मांडीवर घ्यायचे की शेजारी बसवायचे हे ठरत असते. अशा वेळी जे दाखवायचे त्यात कोणत्याही क्षणी शिरता आले पाहिजे. पूर्वकथा लक्षात ठेवण्याची सक्ती नको, कोण कोणाचा कोण हे समजून घेण्याची गरज नको. पाठलाग हा कार्टूनचा स्थायी घाट झाला तो यामुळे. मांजर उंदराच्या मागे धावते आहे एवढे कळले की पुरे, तिसऱ्या मिनिटाला येऊन बसलेल्याचेही काही बुडत नाही. प्रत्येक फजिती आपल्यापुरती पूर्ण असते आणि पुढची फजिती तिच्यावर उभी नसते. बतावणीतल्या सवालजबाबांची रचना अशीच असते. शब्दांवाचून चालणे हाही याच जागेचा परिणाम आहे. कुजबुज, खुर्च्यांचे आवाज, रडणारे मूल, या सगळ्यांच्या वर जे पोहोचू शकते ते चित्र आणि वाद्यसंगीत.

तळवड्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याला हा मुद्दा वेगळ्या अंगानेही जाणवतो. निगडी, चिखली, चाकण हा सारा कारखान्यांचा पट्टा आहे. येथे मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आणि महाराष्ट्राबाहेरून आलेली माणसे शेजारी शेजारी राहतात आणि पाळ्यांच्या वेळा सांभाळून चित्रपटाला जातात. हिंदी चित्रपटातला भाषिक विनोद या सभागृहात एकाच वेळी फुटत नाही, तो रांगारांगांतून मागेपुढे फुटतो. देहबोलीवरचा विनोद एकदमच फुटतो. हसण्याची ही एकसमयता ज्याने अनुभवली, त्याला 'साधारणीकरण' ही संज्ञा फक्त करुणाच्या आणि शृंगाराच्या संदर्भात का शिकवली जाते, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. अनोळखी माणसांचा प्रेक्षकवर्ग होण्याची क्रिया या सामुदायिक हसण्यात घडते आणि मुख्यपटाला तो प्रेक्षकवर्ग आयता मिळतो.

येथे हास्याच्या प्रतवारीचाही विचार करावा लागतो. भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार करून ते उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींमध्ये दोन दोन वाटून दिले. दात न दाखवता हसणे उत्तमांचे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आणि बरगड्या धरून हसणे अधमांचे. मराठी विनोदचर्चेने ही प्रतवारी नाव न घेता चालवली आहे. स्मित आणणारा तो निर्मळ विनोद, खदखदून हसवणारा तो पाचकळ, हे समीकरण आपल्या अभिरुचीत मुरलेले आहे. अंधाऱ्या सभागृहात मात्र हसणाऱ्याची प्रकृती कोणाला दिसत नाही. एरवी स्मिताच्या पलीकडे न जाणारा गृहस्थही तेथे अतिहसिताच्या थराला जाऊ शकतो. दिवे लागल्यावर तो पुन्हा उत्तम प्रकृतीचा होतो.

पण हसू येते ते कशाचे? बर्गसाँ यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक निबंधात जिवंतावर चढलेले यांत्रिकतेचे पुट हे हास्याचे मूळ मानले. माणूस वस्तूसारखा वागू लागला की आपण हसतो. सचेतनपट या सिद्धांताला उलटा करतो. तेथे वस्तूच माणसासारखी वागू लागते. याचे आपल्याकडचे आद्य उदाहरण पुन्हा फाळक्यांचेच आहे. १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची रोज थोडी थोडी चित्रे घेऊन त्यांनी 'अंकुराची वाढ' हा छोटा पट तयार केला आणि तो पाहून त्यांना भांडवल मिळाले. भारतीय कथापटाची पहिली प्ररोचना ही अशी एका रोपाने केली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या ओढग्रस्तीच्या काळात त्यांनी आगपेटीतल्या काड्यांना हलते करून 'आगकाड्यांची मौज' केली, नाण्यांना हलते करून 'लक्ष्मीचा गालिचा' केला. एमिल कोल या फ्रेंच चित्रकाराने १९०८ मध्ये काड्यांचा असा खेळ केलेला होता. कल्पना सर्वस्वी फाळक्यांची होती, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे ते शीर्षकातले 'मौज' हे पद. रंगमंचावर स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करणाऱ्या या माणसाला निर्जीव वस्तूच्या हालचालीत मौज आहे हे नेमके कळले होते.

परंतु निर्जीवाची हालचाल ही नेहमीच मौज असते असे नाही. तळवड्याच्या एका बाजूला देहू आहे आणि इंद्रायणीच्या वाटेने खाली गेले की आळंदी. आळंदीत ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली. दामले-फत्तेलाल यांनी १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ती भिंत पडद्यावर चालवून दाखवली. जड वस्तू आपण होऊन हलते, एवढ्यापुरती ही भिंत आणि फाळक्यांची काडी एकाच जातीची आहे. भिंत हलली की हात जोडले जातात, काडी हलली की हसू येते. एकाच विभावातून अद्भुत आणि हास्य असे दोन रस का निघावेत? भिंतीच्या चालण्याला कारण आहे, आणि ते कारण भिंतीच्या बाहेर, ज्ञानेश्वरांच्या अधिकारात आहे. काडीच्या नाचण्याला कारणच नाही. तिच्या मागे सत्ता नाही, कृपा नाही, शिकवण नाही. अकारण चैतन्य हे हास्याचे क्षेत्र आहे. प्रभातनेच १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा सचेतनपट काढला होता. ज्या संस्थेने भिंतीला पावित्र्याने चालवले तिनेच कोल्ह्यालाही नाचवले, ही गोष्ट 'संतपटांची प्रभात' या रूढ प्रतिमेत बसत नाही आणि म्हणून तिचा उल्लेख क्वचितच होतो.

बर्गसाँ यांची बाजू पूर्णपणे खोटी पडते असेही नाही. प्रमोद पती यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या 'अबिद' या लघुपटात चित्रकार आबिद सुरती यांच्या जिवंत देहाची एकेक चौकट टिपून त्यांना खोलीभर धक्क्याधक्क्याने सरकवले आहे. तेथे माणूसच काडी झालेला आहे. हसू तेथेही येते, पण त्यात किंचित भीती मिसळलेली असते.

फिल्म्स डिव्हिजनचा उल्लेख आल्यावर सक्तीचा प्रश्न टाळता येत नाही. शासनमान्य लघुपट दाखवण्याची सक्ती युद्धकाळात, १९४३ मध्ये, प्रथम आली. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि १९५२ च्या कायद्याने परवान्याच्या अटींतून ही सक्ती कायम केली. प्रदर्शकाने लघुपट दाखवायचा आणि वर त्याचे भाडेही भरायचे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. १९५६ मध्ये डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवायला आले आणि जी. के. गोखले, राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्या विभागातून काम करू लागले. अल्पबचत, कुटुंबनियोजन, राष्ट्रीय ऐक्य हे विषय ठरलेले. त्रिगताला शासनाने पगारावर ठेवले, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. कार्टूनचे हास्य अकारण असते असे वर म्हटले. येथे तर कारण आधी ठरते आणि हास्य त्याच्या सेवेला जुंपले जाते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात संदेश आला की काडीच्या मागे पुन्हा अधिकार उभा राहतो, मात्र तो ज्ञानेश्वरांचा नसतो, खात्याचा असतो. माझ्या मते या विभागाच्या पुष्कळ लघुपटांचे अपयश येथे आहे. रेखाटन उत्तम, कालमापन अचूक, आणि शेवटी हसू गोठते. तरीही विदूषक राजाच्याच अन्नावर जगत आला आहे. प्रश्न तो कोणाचे खातो हा नसून खाताना काय बोलतो हा आहे. पाच मिनिटांची निखळ धांदल अर्ध्या मिनिटाच्या उपदेशाला पुरून उरते, आणि प्रेक्षक घरी नेतो ती धांदल, असेही घडत असे. त्या विभागाची कारागिरी या फटीतून जगली.

कारागिरीचा हिशेबही नजरेआड करू नये. चोवीस चौकटींच्या गतीने सात मिनिटांना दहा हजारांवर चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी पाच हजार चित्रे उरतात. एकाच तिकिटात दाखवल्या जाणाऱ्या दोन पटांपैकी मिनिटामागे ज्यावर अधिक हात राबले, त्याचे नाव जाहिरातीत नसे.

एक आक्षेप येथे संभवतो. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये 'गँग वॉर' या बोलपटाआधी 'स्टीमबोट विली' दाखवला गेला. आज 'गँग वॉर' कोणाच्या लक्षात आहे? त्रिगताने नाटकाला मागे टाकले. तर मग जागेचे एवढे महत्त्व कशाला? पण स्मरणात राहिले ते काय, हे पाहावे. राहिला तो मिकी. खेळाण्यांवर, दप्तरांवर, घड्याळांवर जाऊ शकणारा आकार राहिला. अमेरिकेत १९४८ च्या पॅरामाउंट निर्णयाने चित्रपटसंच एकगठ्ठा विकण्याची पद्धत मोडली, लघुपटांचे अर्थकारण कोसळत गेले आणि एमजीएमने १९५७ मध्ये आपला कार्टून विभाग बंद केला. टॉम आणि जेरी दूरदर्शन संचावर गेले. आपल्याकडे १९९५ पासून एक संपूर्ण वाहिनीच कार्टूनला वाहिलेली आली. सात मिनिटांची धांदल दिवसभर ओळीने दाखवली की तिच्यातली पुनरुक्ती खुपू लागते, 'तेच ते' वाटू लागते. त्रिगतामागून त्रिगत, आणि नाटक कधीच नाही. मुले ते पाहतात, कारण मुलांना पुनरुक्तीचे वावडे नसते. अशा रीतीने सर्व वयांच्या अंधारातला हा प्रकार 'बालवाङ्मय' झाला. तो मुळात बालिश होता म्हणून मुलांकडे गेला असे नाही, क्रम उलटा आहे.

जागेचे भान सुटले की काय होते याचे अलीकडचे उदाहरण उद्बोधक आहे. पिक्सार संस्थेने मुख्यपटाआधी लघुपट दाखवण्याची प्रथा जपली. २०१५ मध्ये 'द गुड डायनोसॉर'आधी त्यांनी संजय पटेल यांचा 'संजयज सुपर टीम' दाखवला. त्यात वडील पूजेला बसलेले आहेत आणि मुलगा दूरचित्रवाणीवरचे कार्टून पाहतो आहे. देवघर आणि कार्टून, अद्भुत आणि हास्य, हे भिंत-काडीचे द्वंद्व तेथे थेट विषय म्हणून आले आहे. पण २०१७ मध्ये 'कोको'च्या आधी डिस्नेचा ओलाफ या हिमपुतळ्याचा एकवीस मिनिटांचा पट जोडला गेला, तेव्हा प्रेक्षक वैतागले, तक्रारी झाल्या, आणि तो पुढे काढून घेण्यात आला. पूर्वरंगात गीत आणि नृत्य अति लांबवू नये, त्याने प्रयोग करणारे आणि पाहणारे दोघेही शिणतात आणि शिणलेल्यांना पुढच्या रसाची गोडी लागत नाही, असा इशारा भरताने त्याच पाचव्या अध्यायात देऊन ठेवला आहे.

आजच्या बहुपडदा चित्रपटगृहातला पूर्वरंग या अध्यायाशी ताडून पाहावा. महाराष्ट्रात २००३ पासून चित्रपटाआधी राष्ट्रगीत होते. ती नांदी आहे, प्रेक्षक उभा राहतो. २०१२ पासून तंबाखूविषयीचा इशारा आहे. सोनार, बांधकाम व्यावसायिक आणि शिकवणीवर्ग यांच्या जाहिराती आहेत. आगामी चित्रपटांच्या झलकांची प्ररोचना तर पंधरा-पंधरा मिनिटे चालते. वंदन आहे, भीती आहे, विक्री आहे. विदूषकाची जागा तेवढी रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे हे कोणाला जाणवतही नाही, कारण हसण्यासाठी आता वेगळे तिकीट काढून विनोदी चित्रपटालाच जायचे असते. फिल्म्स डिव्हिजन २०२३ च्या आरंभी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. त्यांचे कार्टूनपट महोत्सवांत आणि सिंहावलोकनांत ओळीने दाखवले जातात. पहिल्याला सभागृह हसते, दुसऱ्याला हसते, आणि चौथ्या-पाचव्यापासून प्रेक्षक रेषेचा दर्जा, पार्श्वरंग, संगीताचा मेळ यांकडे जाणकारीने पाहू लागतो.